गाठ काढली, रेडिएशन दिलं, तरी ती परत का येते?

भिलाईहून मी पुन्हा एकदा तुमच्यासमोर आहे. या मालिकेत आपण लढायांचा, किल्ल्यांचा, रेल्वेचा इतिहास पाहिला. आजचा इतिहास एका लढाईचाच आहे, पण तिचं मैदान माणसाच्या कवटीच्या आत आहे. तुमच्या संदेशांत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. कुणी इंदूरहून विचारलं, कुणी बेळगावहून, एक पत्र बडोद्याहून आलं. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. घरातल्या माणसाच्या मेंदूतली गाठ काढली, तीस दिवस रेडिएशन दिलं, एमआरआय चांगला आला, आणि सात-आठ महिन्यांत गाठ परत आली. आमचं काय चुकलं? मात्रा कमी पडली का? एक-दोन दिवस खाडा झाला त्यामुळे झालं का?

मी डॉक्टर नाही. विज्ञानाचा पदवीधर आहे आणि आयुष्य पायदळात गेलं. त्यामुळे औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका, तो आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या. मी तुम्हाला इतिहास सांगू शकतो, आणि या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इतिहासातच आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. आमच्या छत्तीसगडात रेडिएशनला लोक 'सिकाई' म्हणतात. मराठीतही 'शेक दिला' असं म्हणणारी माणसं भेटतात. दुर्ग स्टेशनवर मुंबई मेलची वाट बघणाऱ्या घोळक्यात हा शब्द हमखास ऐकू येतो, "बाबांची सिकाई चालू आहे, परळला." शब्द प्रेमळ आहे, पण तो फसवतो. शेक म्हटलं की डोळ्यांपुढे उष्णता येते, गाठ भाजून निघते आहे असं चित्र उभं राहतं. मग गाठ परत आली की वाटतं, आच कमी पडली.

भिलाईकरांना आच म्हणजे काय ते सांगायला नको. १९५९ साली इथली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, तेव्हापासून साधारण दीड हजार अंशांचं वितळलेलं लोखंड या गावाने रोज पाहिलं आहे. आता हिशेब करू. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीला सहसा ६० ग्रे इतकी मात्रा देतात, रोज २ ग्रे, अशा ३० बैठका. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा. २ ग्रेने त्या जागेचं तापमान किती वाढतं? एका अंशाचा साधारण दोन हजारावा भाग. तीसही बैठका एकदम दिल्या तरी एका अंशाचा सत्तरावा भाग. चहाच्या एका घोटाने याहून कितीतरी जास्त उष्णता अंगात जाते. पण सगळ्या शरीरावर एकदम ४ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात.

म्हणजे इथे उष्णतेचा काहीच संबंध नाही. मग मारतं काय? हे समजायला माणसाला साठ वर्षं लागली.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग गावात रोंटजेन यांना क्ष-किरण सापडले. पुढच्याच वर्षी लोकांनी ते किरण कर्करोगावर टाकायला सुरुवात केली. काय होतंय, का होतंय, काही माहीत नव्हतं. गाठ लहान होते एवढं दिसत होतं. १९०६ साली फ्रान्समध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून एक नियम मांडला, की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरण जास्त मारतात. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्या जास्त मरतात. हा नियम ढोबळ होता, पण दिशा बरोबर होती. विभागणीशी काहीतरी संबंध आहे, एवढं हाती आलं.

मग १९२७ साल उजाडलं. माझ्या मते या सगळ्या कथेतलं ते सर्वांत मोलाचं वर्ष, कारण एकाच वर्षी दोन टोकांनी दोन गोष्टी पुढे आल्या. अमेरिकेत हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण टाकून दाखवलं की किरणांनी जनुकं बदलतात आणि तो बदल पुढच्या पिढीत जातो. याबद्दल त्यांना १९४६ साली नोबेल मिळालं. तिकडे पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग करत होते. एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर मेंढ्याची कातडी जळायची. तीच मात्रा अनेक दिवसांत वाटून दिली तर कातडी वाचायची आणि आतल्या भराभर विभागणाऱ्या पेशी मात्र मरायच्या. आज तुमच्या माणसाला जे तीस दिवस रोज हॉस्पिटलात जावं लागतं, त्याचं मूळ त्या मेंढ्यांत आहे.

मुलर आणि रेगो यांच्या दोन धाग्यांची गाठ पडायला आणखी तीस वर्षं जायची होती. तोवर शल्यविशारद आपल्या परीने झुंजत होते. १९२८ साली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती, म्हणून हे धाडस. अर्धा मेंदू काढला, आणि तरीही रोग उलटला. ही गाठ आंब्यातल्या कोयीसारखी वेगळी नसते. पाण्यात पडलेल्या शाईसारखी ती आजूबाजूच्या मेंदूत पसरलेली असते. सुरीने तिची सगळी मुळं निघत नाहीत, हे तेव्हाच कळलं होतं. म्हणून किरण. प्रश्न होता तो किरण पेशीत नेमकं काय करतात, याचा.

माणसाच्या पेशींवर हे तपासायचं तर माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगवता यायला हव्यात. ते जमलं १९५१ साली, बाल्टिमोरमध्येच. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी होती. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढतच राहिल्या. त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या पेशी 'हेला' या नावाने आजही जगभर वाढताहेत. तिच्या घरच्यांना हे कळायला वीसहून अधिक वर्षं लागली. विज्ञानाच्या इतिहासात असे हिशेब बाकी राहिलेले असतात, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

१९५६ साली पक आणि मार्कस या दोघांनी याच हेला पेशींवर मोजून मात्रा टाकली आणि किती पेशी वाचतात याचा पहिला आलेख काढला. तीन वर्षांनी एलकाइंड आणि सटन यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. एकच मात्रा दोन हिश्शांत, मध्ये काही तास सोडून दिली, तर जास्त पेशी वाचल्या. म्हणजे मधल्या तासांत पेशी आपली दुरुस्ती करत होत्या!

मंडळी, इथे कथा वळते. तोवर सगळे समजत होते की किरण मारतो आणि पेशी मार खाते. आता कळलं की पेशी उत्तर देते.

या टप्प्यावर आपण मुंबईला जाऊ, कारण पेशींचं हे उत्तर ऐकण्याची तयारी तिथेही सुरू झाली होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. तसे उपचार हिंदुस्थानात मिळावेत या इच्छेतून परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा गोमंतकीय डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रुग्ण बघायचा तर त्याची पेशीही बघायची, हा त्यांचा आग्रह. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, त्याचे ते पहिले संचालक.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या एक बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. जन्मतारीख ८ नोव्हेंबर १९१७. रोंटजेनला किरण दिसले ती तारीखही ८ नोव्हेंबरच! योगायोग आहे, त्याचा काही अर्थ काढू नका, पण मला तो आवडतो. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आल्या, आणि १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या त्या केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. माणसाच्या पेशी भांड्यात जगवायची ही विद्या त्यांनी इथल्या पिढ्यांना शिकवली. १९७३ मध्ये भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापणाऱ्यांत त्या होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर वैज्ञानिकांच्या तसबिरी असतात, त्यांत मी तरी रणदिवेबाईंची कधी पाहिली नाही.

पुढे हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाखाली टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र आलं, आणि २००२ च्या सुमारास संशोधनाची शाखा नवी मुंबईत खारघरला हलली. तिला सगळे 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणतात. तिथे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

आधी रुग्णांकडे बघू. मेंदूच्या घातक गाठींवर रेडिएशनचा खरोखर फायदा होतो का, हे काटेकोर चाचणीने ठरायला १९७८ साल उजाडलं. अमेरिकेतल्या त्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर फक्त देखभाल मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४ आठवड्यांत गेले. रेडिएशन मिळालेल्यांत हाच आकडा ३५ आठवडे होता. दुपटीहून जास्त. ज्याला वाटतं की रेडिएशनचा उपयोग नाही, त्याने हे दोन आकडे समोर ठेवावेत. मग २००५ साली युरोप आणि कॅनडातल्या ८५ केंद्रांतल्या ५७३ रुग्णांवरची चाचणी आली. रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्या तर सरासरीचा मधला आकडा १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला. दोन वर्षं जगणारे शंभरात दहा होते, ते सव्वीस झाले. आजही जगभर, परळला, नागपूरला, रायपूरच्या एम्समध्ये, उपचाराची चौकट साधारण हीच आहे.

सत्तावीस वर्षांत एवढं मिळालं. कमी नाही. पण गाठ परत येणं काही थांबलं नाही.

का थांबलं नाही ते बघायचं तर पेशीच्या आत जायला हवं. किरण डीएनएवर पडतो तेव्हा त्याची साखळी तुटते. साखळी दुपदरी असते. एकच पदर तुटला तर पेशीला काही वाटत नाही, समोरचा पदर बघून ती सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर मात्र संकट. एका ग्रेमागे एका पेशीत असे साधारण वीस ते चाळीस दुहेरी तुकडे पडतात. हे झालं की काही क्षणांत पेशीत धोक्याची घंटा वाजते. विभागणी थांबवली जाते. पी-५३ नावाचं प्रथिन वाढतं आणि ठरवतं, दुरुस्ती करायची की आत्महत्या करायची. पी-५३ चा शोध १९७९ चा. रेडिएशननंतर ते वाढतं हे १९९१ मध्ये दिसलं. निरोगी पेशीत हा पहारेकरी चोख असतो. ग्लायोब्लास्टोमात पी-५३ ची साखळी बहुसंख्य गाठींमध्ये कुठे ना कुठे मोडलेली असते. अमेरिकेत कर्करोगांच्या जनुकांचा मोठा नकाशा करायला घेतला तेव्हा पहिला मान ग्लायोब्लास्टोमालाच मिळाला, आणि २००८ साली तिथे हे स्पष्ट दिसलं. म्हणजे इतकी तुटफूट झाली, आता मर, असं सांगणाराच जागेवर नाही.

दुरुस्ती करणारे मात्र जागेवर असतात. तुटलेली टोकं जोडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक सावकाश आणि नेटकी, जुळ्या प्रतीवरून बघून लिहिणारी. दुसरी घाईची, म्हणजे तुटलेली दोन टोकं शोधायची आणि सरळ चिकटवायची, एखादं अक्षर गळालं तरी चालेल. फौजेत गाडीचा पाइप फुटला की ड्रायव्हर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून गाडी पुढच्या चौकीपर्यंत नेतो. तसंच हे.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही थोड्या पेशी मूळपेशींसारख्या वागतात. रेडिएशननंतर त्यांची धोक्याची घंटा इतरांपेक्षा जोरात वाजते, त्या जास्त लवकर सावरतात आणि गाठीत त्यांचं प्रमाण वाढतं. घंटाच बंद करणारं औषध दिलं तर त्यांचा हा वरचष्मा कमी होत होता.

आता खारघर. अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने एक अडचण ओळखली. रेडिएशननंतर ज्या पेशी उरतात त्याच पुढे गाठ परत आणतात. पण रुग्णाच्या मेंदूतून त्या उरलेल्या पेशी काढणार कशा? एमआरआयवर त्या दिसत नाहीत. त्या दिसायला लागतात तेव्हा त्या 'उरलेल्या' राहिलेल्या नसतात, त्यांची नवी गाठ झालेली असते. म्हणून या गटाने ती वेळच प्रयोगशाळेत पुन्हा उभी केली. पाच रुग्णांच्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी आणि पेशींचे दोन तयार वाण घेतले. त्यांच्यावर मारक मात्रा टाकली. बहुतेक पेशी मेल्या. थोड्या उरल्या. आणि मग या थोड्या पेशींवर नजर ठेवली.

२०१५ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी थक्क झालो होतो. उरलेल्या पेशींनी विभागणी थांबवली. त्या फुगल्या, अवाढव्य झाल्या, एकेका पेशीत अनेक केंद्रकं दिसू लागली. आधीपासून गाठीत असलेल्या मोठ्या पेशी त्या नव्हत्या. उरलेल्या पेशी एकमेकींत मिसळून, एक होऊन त्या बनल्या होत्या. वरून पाहिलं तर म्हाताऱ्या, थकलेल्या पेशी. पण आत जगण्याचे संदेश चालू. काही दिवस अशा स्वस्थ बसून राहिल्या, आणि मग त्यांतूनच साध्या, एक केंद्रक असलेल्या, विभागणाऱ्या पेशी बाहेर पडल्या. गाठ परत.

पायदळात शिकवतात की शिखर ताब्यात आलं म्हणजे लढाई संपली नाही. त्यानंतरचा तास सर्वांत धोक्याचा. शत्रूचे उरलेले लोक मागच्या उतारावर गोळा होतात, वेगवेगळ्या तुकड्यांतले असले तरी एक होतात आणि अंधार पडला की प्रतिहल्ला येतो. म्हणून टेकडी घेतल्याबरोबर आधी मोर्चे फिरवून घ्यायचे, चहा नंतर. खारघरच्या त्या भांड्यातली हकिगत मला या धड्यासारखीच वाटली. फरक एवढा की पेशीला डोकं नसतं, तिला डावपेच कळत नाहीत. तिच्याकडे असतात ती जनुकं, आणि कुठलं चालू करायचं, कुठलं बंद ठेवायचं याची व्यवस्था. ते एकत्र मिसळणं हा जनुकांतल्या बिघाडाचा प्रकार नव्हता, असं या गटानेच म्हटलं आहे. अक्षरं तीच राहिली. वाचली जाणारी पानं बदलली.

पुढे २०१८ मध्ये याच गटाने दाखवलं की या उरलेल्या पेशींत निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा जास्त जोराने चालते आणि त्या तिच्यावर अवलंबून असतात. आणि २०२० मध्ये आला तो निष्कर्ष, ज्याच्यासाठी मी आजचा विषय घेतला.

तुटलेली डीएनए सांधायला या उरलेल्या पेशी कोणती पद्धत वापरतात? घाईची, चिकटवायची. ती पद्धत चालवणारी प्रथिनं त्यांच्यात वाढलेली दिसली. यामागे 'सेटमार' नावाचं एक जनुक निघालं. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो, तो हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. सेटमार वाढलं की त्या रिळांवर एक विशिष्ट रासायनिक खूण जास्त पडते. गुंडाळी सैल होते, आणि दुरुस्तीची प्रथिनं त्या खुणेपाशी येऊन टिकतात. सेटमार दाबलं तर या पेशी कायमच्या थकून बसल्या, पुन्हा उठल्या नाहीत. खूणच पडू दिली नाही तर दुरुस्तीची प्रथिनं तुटलेल्या जागी टिकेनात, पेशी मेल्या, उंदरांच्या मेंदूत गाठ धरेना. दुरुस्तीची ती वाट औषधाने रोखली तरी परिणाम तसाच झाला.

या सेटमारचा स्वतःचा इतिहास ऐका. हे जनुक सगळ्या प्राण्यांत नाही. साधारण चार ते सहा कोटी वर्षांपूर्वी, माकडं, वानर आणि माणूस यांच्या समाईक पूर्वजात, एक 'उडी मारणारं' जनुक म्हणजे जागा बदलत फिरणारा डीएनएचा तुकडा, दुसऱ्या एका जुन्या जनुकाला येऊन चिकटला. दोघांचं मिळून एक झालं. त्या फिरत्या तुकड्याचं मूळ कामच डीएनए कापणं आणि जोडणं. तेव्हा रेडिएशन नव्हतं, हॉस्पिटल नव्हतं, माणूससुद्धा नव्हता. मेंदूतली गाठ आपल्या पूर्वजांच्या या जुन्या पेटीतून हत्यार काढते, नवीन घडवत नाही. त्यामुळे पत्रातून विचारणाऱ्या त्या घरांना सांगावंसं वाटतं, की एखादा दिवस खाडा झाला म्हणून त्या पेशींना हे हत्यार मिळालं असं नाही. ते आधीपासून तिथे होतंच.

मग रोखा ना ती दुरुस्ती, असं कुणीही म्हणेल. पण अडचण अशी की मेंदूतल्या निरोगी मज्जापेशी विभागत नाहीत. त्यांच्याकडे बघून लिहायला जुळी प्रत नसते, त्यामुळे दुहेरी तुकडे सांधायला त्यांचाही भर याच घाईच्या पद्धतीवर. शत्रूचा पूल उडवायचा आणि तोच आपल्याही रसदीचा पूल, अशी स्थिती. या वाटेवरच्या एका मुख्य प्रथिनाला रोखणारी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत आहेत. मुंबईतलं काम भांड्यांत, रुग्णांच्या नमुन्यांत आणि उंदरांत झालं आहे, हे लक्षात ठेवा. वर्तमानपत्रात 'मेंदूच्या कर्करोगावर उपाय सापडला' असा मथळा दिसला की मी आधी हेच बघतो, भांडं, उंदीर की माणूस.

चिकटवून केलेल्या दुरुस्तीचे वणही राहतात. २०२१ साली अनेक देशांतल्या गटांनी मिळून, परत आलेल्या गाठींची जनुकं आधीच्या गाठींशी ताडून पाहिली. रेडिएशन मिळालेल्या गाठींत डीएनएची छोटी छोटी अक्षरं गळालेली दिसली, अगदी त्या घाईच्या जोडणीची सही असल्यासारखी. ज्यांच्यात हे गळणं जास्त, त्यांचं आयुर्मान कमी. म्हणजे जी पेशी वाचली ती वण घेऊन वाचली, आणि त्या वणांतून काही वेळा आणखी दांडगी झाली. यावरून रेडिएशन घेऊ नये असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा. १४ आणि ३५ आठवडे हे आकडे मी वर सांगितलेच आहेत.

सगळ्याच गाठी अशा चिवट नसतात. मुलांच्या लहान मेंदूत होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ घ्या. तिचे जनुकांवरून चार मुख्य प्रकार पडतात. त्यांतला 'विंट' नावाचा प्रकार सर्वांत नमतं घेणारा, बहुतेक मुलं बरी होतात. का? अ‍ॅक्ट्रेकच्याच डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की या प्रकारात काही सूक्ष्म आरएनए भरपूर असतात. हे इवले तुकडे दुसऱ्या जनुकांचा आवाज दाबतात. त्यांतले दोन तुकडे चिवट पेशींत वाढवले तर त्या पेशींची वाढ मंदावली आणि रेडिएशनला त्या जास्त बळी पडू लागल्या. कुणाची गाठ कुठल्या प्रकारची हे हॉस्पिटलात साठवलेल्या मेणाच्या ठोकळ्यांतल्या नमुन्यांवरून ओळखता यावं, अशी चाचणीही याच गटाने २०१३ मध्ये मांडली. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत नमुना बहुधा मेणातच असतो, ताजा गोठवलेला क्वचित. त्यामुळे ही चाचणी मला फार कामाची वाटते.

यातून साहजिक एक आशा निर्माण झाली. या आजारात मुलाच्या गाठीच्या जागेवरच नाही, तर सबंध मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर रेडिएशन द्यावं लागतं. त्याची किंमत मूल जन्मभर चुकवतं, उंची खुंटते, संप्रेरकं बिघडतात, अभ्यासात मागे पडतं. विंट प्रकार इतका नमतं घेणारा आहे, तर सबंध मेंदू-कण्याचं रेडिएशन वगळून फक्त गाठीच्या जागेवर दिलं तर? टाटा मेमोरियलमध्ये काळजीपूर्वक निवडलेल्या मोजक्या मुलांवर हे करून पाहिलं गेलं. गाठीच्या जागेवर रोग आला नाही, पण जिथे रेडिएशन वगळलं होतं तिथे, मेंदू आणि कण्याच्या बाजूला, काही मुलांत तो परत दिसू लागला. डॉक्टरांनी चाचणी ताबडतोब थांबवली आणि २०२२ मध्ये हे अपयश जसं होतं तसं प्रसिद्ध केलं. माझ्या नोकरीत मी फसलेल्या कारवायांचे अहवाल वाचले आहेत, आणि ते इतके सरळ लिहिलेले क्वचितच असत.

नमतं घेणारी पेशीसुद्धा किरण पडल्याशिवाय नमत नाही, एवढं त्यातून कळलं. त्यानंतर तिथे रेडिएशन पूर्ण वगळण्याऐवजी त्याची मात्रा उतरवून पाहणारी दुसरी चाचणी हाती घेतली गेली. नेहमीच्या २३.४ ग्रेऐवजी सबंध मेंदू-कण्याला १८ ग्रे.